धूरपट्टी

मी जन्माची भित्री. कुत्र्याला भिते, विजेला भिते, शाळेत बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी बाकाखाली वाकायचे. घरात सगळे चेष्टा करायचे आणि त्यात माझा मोठा भाऊ, दादा, सगळ्यात पुढे. ताटलीवर चमचा आपटून मला दचकवणं हा त्याचा रोजचा उद्योग होता. गणिताची मात्र मला कधी भीती वाटली नाही. फळ्यावरचं चिन्ह एकदा अधिक असलं की ते अधिकच राहतं, रात्रीतून बदलत नाही, एवढ्याचाच मला फार आधार वाटायचा.

पेणहून खाडीच्या बाजूला उतरलं की आमचं गाव लागतं. एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मध्ये मातीचा बांध. बाबा पावसाळ्यात भात पिकवायचे आणि उन्हाळ्यात मिठागरावर कामाला जायचे. बांध फुटला तर आमच्याकडे 'खांड गेली' म्हणतात. खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि मग कितीतरी वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. त्यामुळे अमावस्या आणि पुनवेच्या उधाणाला बाबा बांधावर फेऱ्या मारत राहायचे आणि ते परत येईपर्यंत आई जेवत नसे. घाबरायला मी कुठे बाहेर शिकायला गेले नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत मी शहरातल्या विद्यापीठात संशोधनाला लागले. माझ्या सरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, हवेतल्या वायूंमुळे पृथ्वी तापते आहे, समुद्र वर येणार आहे, आणि हे थांबवायचं तर इंधनावर कर बसवावा लागेल. तो कर किती असावा आणि त्याने वायू किती कमी होईल, याचं गणिती प्रारूप तू तयार कर. मी लगेच हो म्हणाले. सरांना वाटलं, मुलीला विषय आवडला. खरं म्हणजे 'समुद्र वर येणार' हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर आमचा बांध आला होता.

प्रारूप सांगायला अवघड नव्हतं. कोळसा किंवा तेल जाळलं की वायू निघतो. इंधन करामुळे महागलं की कारखाने ते कमी जाळतील. पण किती कमी? ते एका आकड्यावर ठरायचं. इंधन महागल्यावर कारखानदार किती सहजपणे दुसरं, अधिक स्वच्छ इंधन घेतो किंवा कमी तेल खाणारं यंत्र बसवतो, हे सांगणारा तो आकडा. सर त्याला नुसतं 'पर्याय' म्हणायचे. "पर्याय मोठा असेल तर कर गोड," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. आमचं सगळं गणित त्या एका शब्दावर उभं होतं.

घरी जेवताना मी हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. 'हरितगृह वायू' म्हटल्यावर बाबांनी विचारलं, "हिरवं घर? त्ये कुनाचं?" आईनं मात्र भाकरी थापता थापता नेमकं पकडलं.

"म्हंजे घरपट्टी, पानीपट्टी, तशी धूरपट्टी?"

"तसंच काहीसं," मी म्हणाले आणि तिथेच फसले. दादाला तो शब्द इतका आवडला की माझं जेवण व्हायच्या आत गावात पोचला. सरकार धूरपट्टी बसवणार आहे आणि ती आपल्याच गावची पोरगी मोजणार आहे, अशी बोलवा झाली.

सरांना घरोघरच्या इंधनाची पाहणी हवी होती. आम्ही दोघं एसटीनं उतरलो ती वेळ स्वयंपाकाची होती आणि गावातल्या एकाही घरावर धूर दिसत नव्हता. एरवी त्या वेळेला गावावर धुराचं पांघरूण असतं. आमची शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "आमी चूल पेटवतच नाय सायब. समदं राकेलवर." तिचे डोळे लाल झाले होते, पाणी वाहत होतं आणि तिच्या मागच्या पडवीच्या कौलांतून निळसर धूर हळूच बाहेर येत होता. सरांनी लिहून घेतलं, रॉकेल. दुसऱ्या दिवशी हमरापूरला मूर्ती रंगवणाऱ्या एका बाईनं हातातला ब्रश न थांबवता विचारलं, "आमचा गनपती उनात वालतो. उनाला पट्टी हाय का?" डोंगराकडच्या गावांत भाताचं रोप लावायच्या आधी पालापाचोळा जाळून राब भाजतात, पण तेही कोणी कबूल करेना.

परतताना सर खूश होते. लोक चांगल्या इंधनाकडे वळतायत, म्हणाले. मी त्यांना कौलातल्या धुराबद्दल सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ हसले आणि ती पाहणी त्यांनी बाजूला ठेवून दिली. मीही हसले. माझ्या आयुष्यात इतकी मजेची फजिती आधी झाली नव्हती. घरांचा नाद सोडून आम्ही कारखान्यांकडे वळायचं ठरवलं. कारखाने काही चूल लपवणार नाहीत, असं सर म्हणाले.

कारखाने म्हणजे रोहा. पेणपासून गाडीनं जाण्यासारखं, कुंडलिकेच्या काठचं. दादा तिथेच कामाला होता. रंगांसाठी लागणारं रसायन बनवणारी एक जुनी कंपनी होती, तिच्या बॉयलरवर. फर्स्ट, सेकंड, नाईट अशा शिफ्ट करायचा. आमच्या घरात वर्षभर भरवशाची अशी तेवढी एकच गोष्ट होती. भात पावसावर, मीठ उन्हावर, आणि दोन्ही बांधावर. वहिनीला तेव्हा दिवस गेले होते.

त्या वर्षी सरकारनं फर्नेस ऑइलचा, म्हणजे बॉयलरमध्ये जाळायच्या तेलाचा, भाव एकदम चढवला. कर काय आणि भाववाढ काय, गणिताला दोन्ही सारखंच. सर म्हणाले, सरकारनं आपला प्रयोग आयताच करून दिला. ओळखीतून त्यांनी रोह्याच्या काही कंपन्यांकडून तेलाची खरेदी आणि उत्पादन यांचे आकडे मिळवले. त्यांत दादाचीही कंपनी होती. मी घरी सांगितल्यावर दादा नेहमीसारखा हसला, पण त्याचं हसणं लवकर संपलं.

"माजं नाव कुठं काढू नको गो. धूरपट्टीवाली माजी बहीन हाय असं कललं तर दुसऱ्या दिवशी गेटवर उभं ऱ्हावं लागंल मला."

मी शपथ घेतली. सरांनाही सांगितलं नाही.

आकडे आले आणि मी ते प्रारूपात घातले. विद्यापीठातल्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर माझ्या समीकरणाची हिरवी रेघ खाली उतरत गेली आणि दादाच्या कंपनीचे ठिपके तिच्यावर अलगद येऊन बसले. भाव वाढला, तेल कमी झालं, उत्पादन तेवढंच राहिलं. पर्यायाचा आकडा आम्ही धरला होता त्याहूनही मोठा निघाला. सरांनी कँटीनमधून चहा मागवला. मला वाटलं, बांध वाचेल. इतकी वर्षं ज्याची भीती बाळगली त्याला एक समीकरण रोखू शकतं, हे मी त्या दिवशी मनापासून खरं मानलं आणि पेणला उतरून घरी जाईपर्यंत मला कशाचीही भीती वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा नाईट करून आला आणि मागच्या दारी तोंड धुवायला बसला. मी मागच्या पडवीत तांदूळ निवडत होते. तो खोकायला लागला. खोकला कुणाला येत नाही? पण हा थांबेना. ओंजळीतलं पाणी सांडलं, पुन्हा घेतलं, पुन्हा सांडलं. आई त्याचे कपडे भिजत घालायला घेऊन गेली आणि तिनं मान मागे घेतली. फर्नेस ऑइलचा वास आमच्या घराला पाठ होता, दादाबरोबर तो रोज घरी यायचा. हा वास तो नव्हता. गोडसर होता आणि त्याच्याखाली जळक्या रबरासारखं काहीतरी होतं. माझ्या टाळूला एकदम कडू लागलं.

"कंपनीत काय नवीन आलंय?" आईनं विचारलं.

दादा डोळे चोळत म्हणाला, "तेल म्हाग झालं ना. कंपनीनं पर्याय काढलाय."

माझे हात सुपातच थांबले. सरांचा शब्द होता तो. आमच्या घरात तो कधी कुणी उच्चारला नव्हता. दादानंही तो कुठल्यातरी साहेबाच्या तोंडून उचलला असणार.

"काय पर्याय काढला?" मी विचारलं.

"ड्रम येतात टेम्पोनं. दुसऱ्या कंपन्यांचं उरलंसुरलं. कधी कालं असतं, कधी पिवलं. तेलात मिसळून जालायचं. नाईटलाच टाकतात, दिवसा धूर लोकांना दिसतो."

"कसलं असतं ते?"

"मला काय म्हाईत? ड्रमवरचं नाव रंग मारून घालवलेलं असतं."

शेजारणीच्या कौलातून निघणारा निळा धूर मला आठवला. तेव्हा हसू आलं होतं, आता आलं नाही. कंपनी कमी जाळत नव्हती. कमी विकत घेत होती. माझे ठिपके रेघेवर बसले होते, कारण जे विकत घेतलं नव्हतं ते आकड्यांत येतच नव्हतं, ते माझ्या भावाच्या छातीत जात होतं.

त्या दिवसापासून मी घरी आले की काम कमी आणि कान जास्त, अशी गत झाली. दादा घरात कुठे आहे ते मला त्याच्या खोकल्यावरून कळायचं आणि खोकला थांबला की त्याहून जास्त भीती वाटायची. चेष्टा करायचं त्यानं कधी सोडलं ते कळलंच नाही. ताटलीवर चमचा आपटेना. जिना चढताना कठड्याला धरायला लागला. कफ काळा पडतो, असं वहिनीनं मला पाणी भरताना सांगितलं आणि लगेच माझा हात धरला.

"वन्सं, तुमी कुठं काय बोलू नका. छातीचं बघू आपन. पन काम गेलं तर ह्यांच्या डोक्याला लागंल."

मी दादाला म्हणाले, डे शिफ्ट माग, नाहीतर सोड हे काम. तो चिडला. "सोडून कुठं जाऊ? मिठागरावर? बाबांचे पाय बघितलेस ना?" बाबांच्या पायांना मिठानं पडलेल्या भेगा आम्ही लहानपणापासून पाहत होतो. माझ्या प्रारूपात याचं उत्तर एका ओळीचं होतं. कारखाना बंद झाला तर कामगार दुसऱ्या उद्योगात जातो, असं आम्ही गृहीत धरलं होतं. ती ओळ मीच सुवाच्य अक्षरात लिहिली होती आणि ती दादाला वाचून दाखवायची माझी हिंमत नव्हती.

अशात सरांनी रोह्याला जायचं ठरवलं. ज्या कंपनीचे आकडे इतके सुंदर बसले तिला भेट द्यायची होती त्यांना. मी ताप आल्याचं सांगून पाहिलं, ते म्हणाले, बरी हो, पुढच्या आठवड्यात जाऊ. शेवटी जावंच लागलं. पेणहून पॅसेंजरनं निघालो. सर खिडकीतून बघत आनंदानं काहीतरी सांगत होते आणि मी मनातल्या मनात एकच हिशेब करत होते की आज दादाची फर्स्ट शिफ्ट आहे.

मॅनेजर फार अदबीनं वागले. चहा, बिस्किटं, एसी लावलेली केबिन. तेल वाचवल्याबद्दल वरून शाबासकी मिळाली, असं सांगत होते. सरांनी बॉयलर बघायची इच्छा दाखवली आणि ते स्वतः आम्हाला घेऊन गेले. वाटेत ताडपत्रीनं झाकलेली ड्रमांची रांग होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं आणि टाळते आहे हे कुणाला दिसेल म्हणून पुन्हा बघितलं.

दादा बॉयलरसमोर उभा होता. आमची दोघांची नाकं अगदी एकसारखी आहेत, आईच्या वळणाची. लहानपणापासून ओळखीपाळखीचे लोक नाकावरून आम्हाला ओळखायचे. मला एकाएकी वाटलं, मॅनेजर आता एकदा माझ्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघतील आणि सगळं संपेल. मी पदर नाकाशी धरला, धुराचा त्रास होतो आहे असं दाखवत.

"विचार ना तू यांना काही," सर मला म्हणाले. "प्रत्यक्ष काम करणारा माणूस आहे."

काही न विचारणं जास्त वाईट दिसलं असतं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"बॉयलरला काय वापरता तुम्ही?"

"फर्नेस ऑइल, मॅडम," दादा म्हणाला. "दुसरं काय नाय."

"धुराचा त्रास होतो का तुम्हाला?"

"नाय मॅडम. सवय हाय."

आयुष्यात त्यानं मला 'गो' सोडून दुसरी हाक मारली नव्हती. मॅनेजर आमच्या मधोमध उभे राहून हसत होते. दादानं तेवढं बोलून तोंड फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो खोकला दाबत होता. आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत त्यानं तो दाबून ठेवला आणि मग तो मागून ऐकू आला. सर म्हणाले, बिचारा.

परतीच्या गाडीत मी सरांना सगळं सांगितलं. सांगताना मी रडले, त्याची मला लाज वाटली नाही. सर वाईट माणूस नव्हते.

"याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

"माझा भाऊ."

"मग पुरावा वापरता येणार नाही."

त्यांनी ती कंपनी प्रारूपातून काढून टाकली आणि मला न दिसणाऱ्या इंधनासाठी समीकरणात एक वेगळं अक्षर घालायला सांगितलं. त्या अक्षराची किंमत काय घ्यायची ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी ते शून्यापासून थोडंथोडं वाढवत गेले. कर वाढवला की तेही वाढायचं. एका ठिकाणी पोचल्यावर हिरवी रेघ खाली उतरायची थांबली आणि हळूहळू वर चढायला लागली. म्हणजे कर बसला, तेल महागलं आणि धूर होता त्यापेक्षा वाढला. बांधही वाचत नव्हता आणि दादाही. मी संगणक बंद केला, तरी ती रेघ मला दिसत राहिली.

दिवाळी झाल्यावर दादाच्या थुंकीत रक्ताची रेषा दिसली. वहिनीनं आईला दाखवली, आईनं बाबांना, आणि त्या दिवशी त्याचं कुणी ऐकलं नाही. त्याला नाईटला जायचं होतं, म्हणून दुपारीच मी त्याला पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हातारे होते, चांगले होते. त्यांनी त्याला शर्ट काढून टेबलावर बसवलं, पाठीवर नळी लावली आणि खूप वेळ ऐकलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढता येईना.

"कामाला कुठे?"

"मिठागरावर," दादा म्हणाला.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर औषध लिहायला घेतलं. मीठवाल्या माणसाच्या खोकल्याचं औषध. ते पेन कागदावर चालत होतं. घरचे सगळे जे बोलू नको म्हणत होते ते मी बोलले.

"मिठागरावर नाही. रोह्याच्या कंपनीत आहे, बॉयलरवर. तिथला धूर जातो त्याच्या छातीत."

डॉक्टरांचं पेन थांबलं. दादानं माझ्याकडे बघितलं नाही.

"कसला धूर? काय जाळतात?"

"ड्रम असतात," दादा खाली बघत म्हणाला.

"ड्रममध्ये काय? नाव सांगा. नाव कळल्याशिवाय मी काय समजू आत काय झालंय ते?"

दादानं पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. हिचा धुराचाच अभ्यास हाय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. लहानपणापासून माझी चेष्टा करणाऱ्या माझ्या भावाला अगदी मनापासून वाटत होतं की हे मला माहीत असणार. त्याच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिली नव्हती अशी सुटका दिसली. डॉक्टर पेन धरून माझ्याकडे बघत राहिले. दोघंही वाट पाहत होते.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

 दादा टेबलावरून उतरला आणि शर्टाची बटणं लावायला लागला.

"म्हाईत नाय तर नाय," तो म्हणाला. "चल गो. रोह्याची गाडी चुकंल माजी."